भारत इतिहास संशोधक मंडळाची आरंभीची इतिवृत्ते

भारत इतिहास संशोधक मंडळाची आरंभीची इतिवृत्ते म्हणजे पुण्यातील या संस्थेने स्थापनेनंतरच्या पहिल्या काही वर्षांत छापलेले अहवाल, वार्षिक इतिवृत्ते व संमेलनवृत्ते होत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी मंडळाची स्थापना केली. मंडळाचे त्रैमासिक पुढे सुरू झाले. तोवर सभासदांनी वाचलेली टिपणे आणि नव्याने हाती आलेली अस्सल कागदपत्रे या इतिवृत्तांतूनच प्रसिद्ध होत.

महत्त्व

संस्थेच्या कामकाजाची नोंद एवढ्यापुरतेच यांचे मोल नाही. भोरजवळील कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यातील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात प्रथम प्रसिद्ध केली. शके १५४० ते १६१९ या काळातील घटनांच्या या त्रोटक नोंदींत शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य ३ असा दिला आहे. तोवर १६२७ हे वर्ष रूढ होते. त्यानंतर जन्मतिथीचा वाद अनेक दशके चालला आणि अखेर महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० हा दिनांक स्वीकारला. या वादाचा मागोवा घेणाऱ्यास मूळ वृत्ताचे पान पाहावेच लागते.

जतनातील अडचणी

सतराव्या शतकातील हातकागद पुष्कळदा सुस्थितीत आढळतो. विसाव्या शतकाच्या आरंभीचा लाकडी लगद्याचा कागद मात्र त्यातील आम्लामुळे पिवळा पडून घडीवर तुटतो. त्यामुळे मोडी दप्तर टिकते आणि त्याची पहिली छापील प्रत आधी नष्ट होते, असा विचित्र प्रकार घडू शकतो. कसर, वाळवी व पावसाळी दमट हवा यांची भर पडतेच. दुरुस्तीत आम्लनिवारण करून तुटक्या पानांना पातळ जपानी कागदाचा आधार देतात. अंकीकरणाने मजकूर वाचतो; परंतु बांधणी करताना मुखपृष्ठे, सभासदांच्या याद्या व जाहिराती काढून टाकण्याची ग्रंथालयांची जुनी सवय भरून न येणारे नुकसान करते. कागद कोणाच्या दप्तरातून आला, हे कित्येकदा अशाच किरकोळ पानांवरून कळते.

सूची करताना शकाचे रूपांतरही जपून करावे लागते. सामान्यतः शकात ७८ मिळवतात. जानेवारीपासून वर्षअखेरपर्यंतच्या तिथींना मात्र ७९ मिळवावे लागतात. शके १५५१ चा फाल्गुन १६३० मध्ये येतो, तो यामुळेच.