वायरिंगचं काम देताय? आधी ठेकेदाराचं लायसन हातात घेऊन वाचा

समजा, नारायणगावजवळ तुम्ही गाळा घेतलाय. त्यात मसाला उद्योग टाकायचाय. मिरची कांडपाची मोटर 5 एचपी, पल्व्हरायझर साडेसात एचपी. म्हणजे साडेबारा एचपी, साधारण 9.3 किलोवॅट. मशीनच्या कोटेशनसाठी तुम्ही चार ठिकाणी फिरलात, घासाघीस केलीत. आणि वायरिंग? "आपला ओळखीचा आहे, घराचं त्यानंच केलंय." इथेच थांबा.

पंखा, बल्ब, फ्यूज, स्विच बदलायला परवाना लागत नाही. नवीन वायरिंग, वाढीव काम किंवा फेरबदल मात्र परवानाधारक ठेकेदारानेच करायचे. 1956 च्या वीज नियमांत, नियम 45 मध्ये हेच होतं आणि आजही नियम तोच आहे. घराची दोन पॉईंटची फिटिंग करणारा माणूस हुशार असेलही, पण थ्री फेज मोटरचा भार वेगळी गोष्ट आहे.

आता नीट बघा, कारण गोंधळ इथेच होतो. वायरमनचा परवाना वेगळा, पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र वेगळं आणि ठेकेदाराचा परवाना वेगळा. लोक सरसकट "पीडब्ल्यूडी लायसन आहे" म्हणतात. तुम्ही विचारायचं, "दादा, कुठलं?" वायरमनचा परवाना असलेला माणूस प्रत्यक्ष काम करू शकतो, पण कामाचा ठेका घेऊन टेस्ट रिपोर्टवर ठेकेदार म्हणून सही करायला ठेकेदाराचा परवाना लागतो.

परवाना मोबाईलवरच्या फोटोत बघू नका. मूळ कागद मागा. नाव, नंबर आणि मुदत बघा. मुदत संपलेला परवाना म्हणजे परवाना नाहीच. शंका वाटली तर विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात नंबर सांगून विचारा. महावितरणचं कार्यालय आणि विद्युत निरीक्षक हे दोन वेगळे, हेही लक्षात ठेवा. महावितरण वीज देतं, निरीक्षक सरकारचा.

माझ्या मते सगळ्यात मोठा धोका बोगस लायसनचा नाही, भाड्याच्या शिक्क्याचा आहे. काम करतो एक, टेस्ट रिपोर्टवर सही-शिक्का दुसऱ्याचा, आणि त्या दुसऱ्यानं तुमचा गाळा बघितलेलाही नसतो. कनेक्शन मिळून जातं, सगळे खूश. पुढे शॉर्ट सर्किट झालं, कामगाराला शॉक बसला, की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून सरळ अट घाला: ज्याचं नाव परवान्यावर, त्यानं किंवा त्याच्या पर्यवेक्षकानं जागेवर यायचं, तुमच्यासमोर चाचणी करायची. इन्सुलेशनची चाचणी 500 व्होल्टवर एक मिनिट घेतात, रीडिंग किमान 1 मेगाओहम यायला हवं. मेगर मशीन न लावताच रिपोर्टवर आकडे भरले गेले, तर समजून जा.

जुनी कामंही विचारा. मंचर, ओतूर, आळेफाटा, कुठेही असोत. गेल्या दोन-तीन वर्षांत थ्री फेजचं काम केलेल्या दोन गिऱ्हाईकांचे पत्ते घ्या आणि स्वतः जाऊन या. मालकाला विचारा: अर्थिंग कुठे केलंय? 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवलाय का? टेस्ट रिपोर्टची प्रत आहे का? तो "काय माहीत, त्यानंच बघितलं सगळं" म्हणाला, तर त्या उत्तरातही बरंच काही कळतं.

आपल्या भागातली अजून एक सवय सांगतो. शेतात शेड टाकायची आणि शेतीपंपाच्या कनेक्शनवरूनच मशीन चालवायची. तुमचा इलेक्ट्रिशियन "चालतंय हो" म्हणत असेल तर तिथेच त्याला नमस्कार करा. विद्युत कायदा 2003, कलम 126 वाचा. मंजूर कारणाऐवजी दुसऱ्या कामाला वीज वापरली तर लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. वापर कधीपासून होता हे ठरवता आलं नाही, तर तपासणीच्या आधीचे 12 महिने धरतात. छोट्या उद्योगाचं वर्षभराचं नफ्याचं गणित तिथेच मोडतं.

पैसे देताना सगळे एकदम देऊ नका. कामाचा कागद करा, त्यात परवाना नंबर, वायरची कंपनी आणि जाडी लिहून घ्या. शेवटचा हप्ता टेस्ट रिपोर्ट, मटेरियलची बिलं आणि कुठला एमसीबी कशाचा आहे हा तक्ता हातात आल्यावरच द्या. तो तक्ता पॅनेलच्या दाराच्या आतून चिकटवून टाका.