ऑफिसचा ट्रेनिंग कोर्स बनवताय? वेळ नेमका कुठे जातो ते आधी बघा

ऑफिसमध्ये तुम्ही वयाने सगळ्यात लहान असाल आणि चुकून कधी कोणाचा प्रिंटर चालू करून दिला असेल, तर एक ना एक दिवस हे वाक्य ऐकायला मिळतंच: "तुला कॉम्प्युटरचं चांगलं जमतं ना, मग नवीन लोकांसाठीचा ऑनलाइन कोर्स तूच बनव."

मला ते नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ऐकायला मिळालं. आमच्या कंपनीचे टेक्निशियन गावोगावी फिरून मशीन दुरुस्त करतात. त्यांच्यासाठी नवीन मोबाइल अ‍ॅप आलं होतं आणि ते वापरायला शिकवणारा कोर्स मला करायचा होता. मॅनेजर म्हणाले, "दोन आठवडे पुरेत ना?" मी लगेच हो म्हणून मोकळा झालो.

लागले सहा आठवडे. ४० मिनिटांचा एकच मोठा व्हिडिओ, माझाच आवाज, मागे हळू आवाजात म्युझिक. कोर्स सुरू होऊन नऊ दिवस झाले आणि अ‍ॅपचं नवीन व्हर्जन आलं. 'काम पूर्ण' हे बटण होम स्क्रीनवरून उचलून आतल्या मेनूत टाकलं होतं. दोन दिवसांनी नांदेडकडच्या एका टेक्निशियनचा फोन आला. "सर, व्हिडिओत दाखवलंय ते बटनच नाही इथं. दोन दिवसांचं काम सिस्टीममध्ये दिसंना. आमचा भत्ता त्याच्यावरच निघतो."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्हिडिओ दुरुस्त करायचा तर तीन आठवडे लागणार होते. तेव्हा कळलं की कोर्स पटकन बनवणं आणि कोर्स पटकन बदलता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरा वेळ दुसऱ्या गोष्टीत वाचतो.

कोर्स हवाच आहे का?

सगळ्यात जास्त वेळ वाचतो तो न बनवलेल्या कोर्सचा. रजेचा अर्ज कसा भरायचा, पगाराची स्लिप कुठून काढायची, यासाठी कोर्स कशाला? चार स्क्रीनशॉट एका पानावर लावा, पीडीएफ करा आणि ग्रुपवर टाका. माणसाला गरज पडेल तेव्हा तो ते पान उघडेल. महिनाभरापूर्वी पाहिलेला व्हिडिओ कोणी आठवत बसत नाही.

कोर्स लागतोच असं ठरलं, तर सुरुवात अ‍ॅपच्या मेनूपासून करू नका, माणसाच्या दिवसापासून करा. आमच्या अ‍ॅपमध्ये १४ स्क्रीन होत्या आणि मी १४ च्या १४ शिकवल्या होत्या. नंतर दोन टेक्निशियनसोबत दिवसभर फिरलो, तर रोज लागणाऱ्या स्क्रीन निघाल्या पाच. बाकीच्या नऊ स्क्रीनसाठी मी रात्री जागलो होतो, त्या कोणी उघडतही नव्हतं.

साहेबांची पीपीटी येत नाही

दुसरा मोठा खड्डा म्हणजे माहिती मिळवणं. काम ज्याला येतं तो माणूस कायम बिझी असतो. "पीपीटी पाठवतो" म्हणतो, आणि ती आठवडाभर येत नाही. आली तर त्यात ६० स्लाइड असतात.

पीपीटी मागूच नका. त्याच्याकडून अर्धा तास मागा. त्याला ते काम तुमच्यासमोर करायला सांगा, करता करता बोलायला सांगा, आणि परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. अँड्रॉइड ११ पासून फोनमध्येच स्क्रीन रेकॉर्डर मिळतो, वरून खाली ओढलं की दिसतो. कॉम्प्युटरवरचं काम असेल तर ओबीएस स्टुडिओ फुकट आहे. नंतर ते ऐकत ऐकत मुद्दे स्वतः बोलून लिहा. क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडलं की टूल्समध्ये व्हॉइस टायपिंग आहे, भाषा मराठी निवडा. फोनवर जीबोर्डचा माइक तेच काम करतो. विरामचिन्हं हाताने टाकावी लागतात, पण तरी टाइप करण्यापेक्षा बरंच लवकर होतं.

आणि एक प्रश्न नक्की विचारा: "नवीन माणूस इथे काय चुकतो?" या एका प्रश्नाच्या उत्तरातून अर्धा कोर्स आणि जवळजवळ सगळी क्विझ तयार होते.

मंजुरी स्क्रिप्टवर घ्या, व्हिडिओवर नाही

माझे सहापैकी किमान दोन आठवडे इथे गेले. मी व्हिडिओ पूर्ण करून मॅनेजरना दाखवला. त्यांनी तीन शब्द बदलायला सांगितले. मग सेफ्टीवाल्यांनी एक वाक्य घालायला सांगितलं. प्रत्येक वेळी रेकॉर्डिंग, एडिटिंग, एक्स्पोर्ट. डॉक्समध्ये एक शब्द बदलायला दहा सेकंद लागतात, तोच शब्द व्हिडिओत बदलायला अख्खी संध्याकाळ जाते. आता मी स्क्रिप्ट आणि कच्चे स्क्रीनशॉट एकाच डॉक्समध्ये टाकून सगळ्यांना पाठवतो, तारीख देतो, आणि त्यांच्या "ओके" शिवाय माइकला हात लावत नाही.

बदलणारं आणि न बदलणारं वेगळं ठेवा

प्रोग्रामिंग करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. जो भाग वारंवार बदलतो तो बाकीच्या कोडपासून वेगळा ठेवायचा, म्हणजे बदल एकाच ठिकाणी करावा लागतो. कोर्सलाही हेच लागू पडतं.

लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याचं, म्हणजे पॉशचं ट्रेनिंग घ्या. कायदा २०१३ चा आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते, आणि कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक काळाने जागृतीचे कार्यक्रम घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. छळ म्हणजे काय, तक्रार कशी करायची, हे दर महिन्याला बदलत नाही. तो भाग मन लावून करा, चांगला व्हिडिओ बनवा. पण समितीवर कोण आहे, त्यांचा फोन नंबर काय, हे बदलतं. ते व्हिडिओत बोललात की एक सदस्य नोकरी सोडून गेला की व्हिडिओ चुकीचा झाला. आणि ज्या बाईला तक्रार करायची आहे तिच्या हातात बंद नंबर आला. त्यामुळे नावं आणि नंबर वेगळ्या पानावर, साध्या मजकुरात ठेवा.

अ‍ॅपच्या कोर्समध्ये बटणांच्या जागा सारख्या बदलतात. म्हणून बटणं दाखवायला व्हिडिओ न वापरता स्क्रीनशॉट वापरा, आणि बोलताना "उजव्या कोपऱ्यातलं निळं बटण" असं म्हणू नका, "'काम पूर्ण' दाबा" एवढंच म्हणा. बटण हलवलं, रंग बदलला, तरी आवाज तोच चालतो.

आवाजासाठी पॉवरपॉइंट पुष्कळ आहे. त्यात निवेदन प्रत्येक स्लाइडवर वेगळं साठवलं जातं. एक स्लाइड बदलली तर तेवढीच पुन्हा रेकॉर्ड करा आणि एमपीफोर एक्स्पोर्ट करा. माइक नसेल तर वायरचा इअरफोन चालतो. फॅन बंद करा आणि जिथे गाद्या-गोधड्या रचलेल्या असतात त्या खोलीत बसा, आवाज घुमत नाही. माझं अर्ध्याहून जास्त रेकॉर्डिंग असंच झालंय, आईला वाटायचं पोरगं एकटंच बडबडतंय.

कॉम्प्युटरचा आवाज वापरावा का? मायक्रोसॉफ्ट अझूरमध्ये आरोही आणि मनोहर नावाचे मराठी आवाज आहेत. "इथे दाबा, तिथे दाबा" छापाच्या सूचनांना ते ठीक वाटतात, आणि वाक्य बदललं की आवाज लगेच नव्याने तयार होतो. सुरक्षेचा किंवा पॉशचा विषय असेल तिथे मात्र मी माणसाचाच आवाज घेईन.

क्विझ आणि एआय

मूडल वापरत असाल तर एकेक प्रश्न फॉर्ममध्ये भरत बसू नका. नोटपॅडमध्ये असं लिहा:

ग्राहकाची सही कधी घ्यायची? {
=काम तपासून झाल्यावर
~काम सुरू करण्याआधी
~ऑफिसला परत आल्यावर
}

बरोबर उत्तरापुढे बरोबरचं चिन्ह, चुकीच्या उत्तरापुढे नागमोडी रेघ. याला गिफ्ट फॉरमॅट म्हणतात. दोन प्रश्नांमध्ये एक ओळ मोकळी सोडा, फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि क्वेश्चन बँकेत इम्पोर्ट करा. एन्कोडिंग चुकलं तर मराठी अक्षरांची खिचडी होते.

प्रश्न तयार करायला चॅटजीपीटी किंवा जेमिनी कामाला येतात. मंजूर झालेली स्क्रिप्ट द्या आणि "फक्त यातूनच दहा प्रश्न काढ" म्हणा. माझ्या अनुभवात दहापैकी चार ठेवण्यासारखे निघतात. चुकीचे पर्याय इतके उघड चुकीचे असतात की न शिकलेला माणूसही पास होईल, तिथे "नवीन माणूस काय चुकतो" ची उत्तरं घाला. भाषाही बघा. "कृपया आपला संकेतांक प्रविष्ट करा" असं येतं, आपला टेक्निशियन म्हणतो "ओटीपी टाका". ग्राहकांची नावं, नंबर, कंपनीची आतली कागदपत्रं मात्र परवानगीशिवाय तिथे चिकटवू नका.

अपलोडची परीक्षा पहिल्याच दिवशी

बऱ्याच कंपन्यांच्या ट्रेनिंग सिस्टीम 'स्कॉर्म' पॅकेज मागतात. कोर्सने सिस्टीमशी कसं बोलायचं, म्हणजे कोण कुठपर्यंत आलं, पास झालं की नाही, याचं हे ठरलेलं तंत्र. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एडीएल उपक्रमातून ते आलं. २००१ मधलं १.२ व्हर्जन अजूनही खूप ठिकाणी चालतं.

पॅकेज म्हणजे एक झिप फाइल. तिच्यात 'आयएमएस मॅनिफेस्ट' नावाची फाइल अगदी वरच्या पातळीवर लागते. मी अख्खा फोल्डर झिप केला, त्यामुळे ती एक पातळी आत गेली आणि सिस्टीम फाइल घेईना. दीड दिवस गेला. फोल्डर उघडून आतल्या फाइली निवडून झिप करायच्या, एवढंच होतं. दुसरी गंमत म्हणजे १.२ मध्ये "कुठे थांबलो होतो" ही माहिती साठवायला ४०९६ अक्षरांचीच जागा आहे. लांबलचक कोर्समध्ये ती भरते आणि माणूस पुन्हा पहिल्या स्लाइडवर येतो. कोर्स लहान लहान ठेवायला हेही एक कारण.

म्हणून पहिल्याच दिवशी आयटीवाल्यांना व्हर्जन विचारा, दोन स्लाइडचा डमी कोर्स बनवा, अपलोड करा आणि स्वस्तातल्या फोनवर मोबाइल डेटा लावून उघडून बघा. व्हिडिओ ७२० पी पुरे. हँडब्रेकमधून काढला की फाइल बरीच हलकी होते, आणि इथे डेटा त्या माणसाच्या खिशातला जातोय.

आमचा कोर्स आता सात तुकड्यांचा आहे, प्रत्येक तीन मिनिटांच्या आसपास. मागच्या वेळी अ‍ॅप बदललं तेव्हा दोन स्क्रीनशॉट आणि एका स्लाइडचा आवाज बदलावा लागला, एका दुपारचं काम. लोकांना पाठवण्याआधी नांदेडच्या त्याच टेक्निशियनना फोन केला. त्यांचा अडकलेला भत्ता पुढच्या महिन्याच्या पगारात निघाला होता, तरी ते आधी जरा तुटकच बोलले. मग कोर्स उघडून बघितला आणि म्हणाले, "रेंज नसली की हे बटन करडं होतंय सर, दबत नाही. ते कुठं सांगितलंय?"

कुठेच सांगितलं नव्हतं. त्याच संध्याकाळी आठवी स्लाइड वाढवली.