ब्राउझरच्या नव्या आवृत्त्या : तुलना कशाची आणि कशासाठी?

संगणकावर किंवा मोबाइलवर ज्या साधनाच्या द्वारे आपण इंटरनेटवरील मजकूर वाचतो, त्यास ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज ही त्यांतील परिचित नावे होत. हे साधन इतके सवयीचे झाले आहे की, त्याचे वेगळे अस्तित्व आपल्या ध्यानातही येत नाही. संकेतस्थळे रचणाऱ्या मंडळींना, म्हणजे वेब डेव्हलपरांना, मात्र असे बेफिकीर राहून चालत नाही. दर महिन्यास कोणत्या ना कोणत्या ब्राउझरची नवी आवृत्ती बाहेर पडते आणि तीत नवे काय आले, ते इतर ब्राउझरांत आहे की नाही, नसल्यास केव्हा येणार, याची चर्चा त्यांच्यात सुरू होते. बाहेरच्या माणसास ही चर्चा मोटारींच्या नव्या मॉडेलांविषयीच्या गप्पांसारखी वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तिच्यामागे एक मूलभूत प्रश्न आहे. एकाने लिहिलेले पान सर्वांना वाचता येईल की नाही, हा तो प्रश्न. कलाशाखेच्या विद्यार्थ्यास परका वाटावा असा हा विषय मी हाती घेतला आहे, तो याच कारणासाठी.

संहिता आणि प्रयोग

वेबवरील पान म्हणजे छापून तयार झालेले पान नव्हे. दूरच्या संगणकाकडून आपल्याकडे येतो तो केवळ लिखित सूचनांचा संच. 'हे शीर्षक आहे, हा परिच्छेद आहे' असे सांगणारी भाषा म्हणजे एचटीएमएल. 'शीर्षक तांबडे असावे, परिच्छेद इतका रुंद असावा' हे सांगणारी सीएसएस. बटण दाबल्यावर काय घडावे, हे सांगणारी जावास्क्रिप्ट. या सूचना वाचून पडद्यावर पान उभे करावयाचे, हे ब्राउझरचे काम.

नाटकाची संहिता आणि तिचा प्रयोग यांतील नाते आपणांस ठाऊक आहे. संहितेत 'क्षणभर थांबून' एवढेच लिहिलेले असते. एक दिग्दर्शक दोन सेकंद थांबवितो, दुसरा दहा. ब्राउझरच्या पोटात हे दिग्दर्शकाचे काम जो भाग करतो, त्यास इंजिन म्हणतात. आज महत्त्वाची इंजिने तीन आहेत. क्रोम, एज व ऑपेरा यांचे ब्लिंक, फायरफॉक्सचे गेको आणि सफारीचे वेबकिट.

फरक कसा पडतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका चौकटीची रुंदी २०० पिक्सेल असावी, आत दोन्ही बाजूंस २० पिक्सेल मोकळी जागा असावी आणि भोवती ५ पिक्सेल जाडीची रेघ असावी, अशी सूचना आहे. मग चौकट पडद्यावर एकूण किती जागा व्यापील? प्रमाण नियमानुसार २०० हा आकडा केवळ मजकुराच्या जागेचा. म्हणून २०० अधिक ४० अधिक १०, म्हणजे २५० पिक्सेल. इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीने मात्र २०० यातच मोकळी जागा आणि रेघ धरली होती. परिणामी शेजारी शेजारी बसावयाचे दोन रकाने एका ब्राउझरमध्ये नीट बसत आणि दुसऱ्यात दुसरा रकाना घसरून खाली जाई. गंमत अशी की, इंटरनेट एक्सप्लोररचा हिशेब मुळीच अडाणी नव्हता. तसबिरीची चौकट विकत घेताना आपणही बाहेरचेच माप सांगतो. पुढे सीएसएसमध्ये दोहोंपैकी कोणता हिशेब हवा, हे लेखकाने सांगावयाची सोय झाली आणि आज अनेक डेव्हलपर तो जुना हिशेबच पसंत करतात. तेव्हा दोष त्या कल्पनेत नव्हता. एकाच आकड्याचे दोन ठिकाणी दोन अर्थ होत होते, ही खरी अडचण होती.

चढाओढ आणि तिचा शेवट

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली आणि १९९० साली पहिला ब्राउझर लिहिला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांस विनामूल्य खुले केले. त्याच वर्षी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात तयार झालेल्या मोझेइक या ब्राउझरने मजकुरातच चित्रे दाखवावयास प्रारंभ केला आणि वेबची लोकप्रियता झपाट्याने वाढली. डिसेंबर १९९४ मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटर आला, तर ऑगस्ट १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर.

यानंतरच्या चढाओढीत नवे वैशिष्ट्य म्हणजे जणू शस्त्रच झाले. नेटस्केपने अक्षरे लुकलुकविण्याची सूचना काढली, तर मायक्रोसॉफ्टने अक्षरे सरकविण्याची. १९९७ साली दोघांच्याही चौथ्या आवृत्त्या आल्या, तेव्हा पानावरील एखादा भाग हलवावयाची रीत दोहोंत अगदी भिन्न होती. डेव्हलपरांना तेच काम दोनदा लिहावे लागे. ज्यांना ते परवडत नसे, ते 'हे संकेतस्थळ अमुक ब्राउझरमध्ये उत्तम दिसते' अशी पाटी लावून मोकळे होत. वाचकाने कोणते साधन वापरावे, हे लेखकाने ठरवावे, असा हा उलटा न्याय होता. समान नियम ठरविण्यासाठी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था १९९४ सालीच स्थापन झाली होती. ते नियम ब्राउझरांनी खरोखर पाळावेत, यासाठी १९९८ साली काही डेव्हलपरांनी 'वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट' नावाची चळवळ सुरू केली.

या चढाओढीत नेटस्केप हरला. विंडोजबरोबर आपला ब्राउझर फुकट देण्याचे मायक्रोसॉफ्टचे धोरण त्यास कारणीभूत ठरले, आणि त्यावरून अमेरिकन सरकारने १९९८ साली खटलाही भरला. पण पुढे काय झाले, ते अधिक बोधप्रद आहे. ऑगस्ट २००१ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती आली. दहापैकी नऊ वाचक या ब्राउझरचेच झाले होते. आणि सातवी आवृत्ती आली ती ऑक्टोबर २००६ मध्ये! ज्या ब्राउझरच्या आवृत्त्या पूर्वी वर्षावर्षाला निघत, तो प्रतिस्पर्धी उरला नाही तेव्हा पाच वर्षे जागचा हलला नाही. याच ब्राउझरने १९९९ साली, सबंध पान पुन्हा न मागविता त्याचा एखादाच भाग बदलण्याची युक्ती वेबला दिली होती, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स आणि सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आला, तेव्हा कोठे ही कोंडी फुटली.

मराठी पानांचा अनुभव

हा सारा इतिहास परदेशचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण त्याची झळ मराठी वाचकासही लागली आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी संकेतस्थळे आपापला फाँट वापरीत. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. वाचकाकडे तो फाँट नसेल, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसे. यावर पानाबरोबरच फाँट पाठविण्याचा तोडगा निघाला. परंतु त्यासाठी नेटस्केपने एक पद्धत स्वीकारली आणि मायक्रोसॉफ्टने ईओटी नावाची दुसरीच. भारतीय भाषांतील अनेक संकेतस्थळांनी ईओटीचा आश्रय घेतल्यामुळे, इंटरनेट एक्सप्लोरर न वापरणारा वाचक आपल्याच भाषेतील वर्तमानपत्रास मुकत असे. पानाबरोबर फाँट पाठविण्याची सर्वमान्य अशी वॉफ ही पद्धत डब्ल्यूथ्रीसीने अधिकृतपणे मान्य केली, ती २०१२ साली.

युनिकोड आल्यावरही सर्व प्रश्न मिटले नाहीत. 'कि' या अक्षरात संगणक प्रथम 'क' साठवितो आणि मागाहून वेलांटी. दाखविताना मात्र वेलांटी आधी यावयास हवी. ज्या ब्राउझरला किंवा संगणकप्रणालीला हे उमगत नसे, तेथे वेलांटी भलत्याच बाजूस जाई.

आणखी एक सूक्ष्म उदाहरण घ्या. परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे काढावे, अशी सूचना सीएसएसमध्ये देता येते. इंग्रजीत त्यात काही अवघड नाही. पण परिच्छेद 'प्रश्न' या शब्दाने सुरू होत असेल, तर पहिले अक्षर कोणते? आपण म्हणू, 'प्र'. संगणकाच्या लेखी मात्र ते प, हलन्तचिन्ह आणि र असे तीन घटक आहेत. जुन्या नियमानुसार हलन्त 'प्' येथे एक अक्षर संपे आणि 'र' पासून दुसरे सुरू होई. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत हा नियम बदलला आणि देवनागरीतील जोडाक्षर अखंड धरले जाऊ लागले. पण नियम कागदावर बदलला म्हणजे सर्व ब्राउझरांत एका दिवसात उतरला, असे होत नाही. म्हणून मराठीसाठी काम करणाऱ्या डेव्हलपरास प्रत्येक ब्राउझरमध्ये 'प्रश्न' आणि 'ज्ञान' लिहून पाहणे भाग आहे. इंग्रजी पानाची परीक्षा कितीही उत्तम झाली, तरी ती मराठी पानास पुरत नाही.

तुलना करावी कशी?

ब्राउझरच्या परीक्षांपैकी 'ॲसिड' या नावाच्या परीक्षा फार गाजल्या. २००५ सालच्या दुसऱ्या परीक्षेत एक हसरा चेहरा पडद्यावर उमटावयाचा असे. परीक्षा जाहीर झाली तेव्हा एकाही ब्राउझरला तो नीट काढता आला नाही! मार्च २००८ मधील तिसऱ्या परीक्षेत तर शंभरपैकी गुणच मिळत. या परीक्षांनी ब्राउझरांना नियमांकडे वळविले खरे. परंतु परीक्षेपुरते गाइड वाचून गुण मिळविता येतात, हे आपणां विद्यार्थ्यांस निराळे सांगावयास नको. म्हणून आता सर्व ब्राउझरांसाठी मिळून लक्षावधी लहान लहान चाचण्यांचा एक सामाईक संग्रह आहे. शिवाय २०२२ पासून 'इंटरऑप' या उपक्रमात ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट व मोझिला हे प्रतिस्पर्धी एकत्र बसून, यंदा कोणते फरक मिटवावयाचे, हे ठरवितात.

डेव्हलपरास स्वतःलाही एक पथ्य पाळावे लागते. ब्राउझरचे नाव विचारू नये. 'तुला हे येते का?' असे विचारावे. नाव विचारण्याने काय होते, याचा इतिहास मनोरंजक आहे. नेटस्केप आपली ओळख 'मोझिला' अशी देत असे आणि चांगली पाने मोझिलालाच द्यावीत, असे संकेतस्थळांनी ठरविले. साहजिकच इंटरनेट एक्सप्लोररही स्वतःस मोझिला म्हणवू लागला. ही प्रथा इतकी वाढली की, आजचा क्रोमदेखील आपल्या ओळखीत मोझिला, गेको आणि सफारी अशी सर्वांची नावे घेतो! आता सीएसएसमध्येच 'अमुक वैशिष्ट्य येत असेल, तरच पुढील सूचना पाळ' असे लिहिता येते. ज्यास ते येत नाही, त्यास साधे पण वाचता येण्याजोगे पान मिळते.

नव्या वैशिष्ट्याची वाटचाल कशी होते, त्याचे 'हॅज' हे अलीकडील उदाहरण. 'ज्या चौकटीत चित्र असेल, तिलाच रेघ काढ' अशा तऱ्हेची, आतील वस्तू पाहून बाहेरच्या वस्तूस सूचना देण्याची सोय डेव्हलपर कित्येक वर्षे मागत होते. ती सफारीत मार्च २०२२ मध्ये, क्रोममध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये आणि फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०२३ मध्ये आली. म्हणजे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकवीस महिने लागले. याउलट, पानाची जाळीवत मांडणी करण्याची 'ग्रिड' ही सोय मार्च २०१७ या एकाच महिन्यात फायरफॉक्स, क्रोम व सफारी या तिघांतही दाखल झाली. तिचे प्रयोग आधी पडद्याआड, केवळ जाणकारांपुरते झाले होते आणि नियम पक्का झाल्यावरच ती सर्वांस देण्यात आली.

या अनुभवातून २०२३ साली 'बेसलाइन' ही कल्पना पुढे आली. एखादे वैशिष्ट्य सर्व प्रमुख ब्राउझरांत पोहोचले की, ते 'नव्याने उपलब्ध' म्हणावयाचे; त्यानंतर तीस महिने लोटले की, 'सर्वत्र उपलब्ध'. हे तीस महिने जुना फोन किंवा जुना संगणक वापरणाऱ्या वाचकासाठी आहेत, हे ध्यानात घ्यावयास हवे.

एकच इंजिन उरले तर?

२०१३ साली ऑपेराने आपले स्वतंत्र इंजिन सोडले. जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचा एजही क्रोमच्याच पायावर उभा राहिला. आयफोनवर तर ॲपलने सर्व ब्राउझरांना वेबकिटच वापरावयास लावले होते. २०२४ साली युरोपीय संघाच्या कायद्यामुळे त्या देशांत प्रथम मोकळीक मिळाली. सर्वत्र एकच इंजिन झाले तर बरेच की, तुलनेचा त्रासच वाचेल, असे म्हणणारे डेव्हलपरही आहेत. त्यांचा त्रास खरा आहे. पण त्या स्थितीत नियमाचा अर्थ, ते एक इंजिन जे करील तो, एवढाच उरेल आणि त्याची चूक दाखविण्यास दुसरा प्रयोगच नसेल. २००१ ते २००६ या पाच वर्षांचा अनुभव आपल्यासमोर आहे. त्यातही, मोठ्या बाजारपेठेच्या भाषांचे प्रश्न कोणतीही कंपनी आधी सोडवील. जोडाक्षरासारख्या प्रश्नांची दाद लागावयाची, तर नियम सर्वांचा आणि तपासणी उघड असली पाहिजे.

म्हणून नव्या आवृत्तीचे कौतुक करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. हे वैशिष्ट्य सर्वमान्य नियमात आहे काय? ते इतर इंजिनांत आले आहे काय? आणि ज्याच्याकडे ते नाही, त्यास निदान मजकूर तरी वाचता येतो काय? आपल्या महाविद्यालयातही विभागांची माहिती आणि विद्यार्थ्यांचे लेखन आता वेबवर जाऊ लागले आहे. ते चढविताना पानाची भाषा मराठी आहे, हे सूचनांत नोंदवावे. तशी नोंद असली आणि फाँटमध्ये सोय असली, तर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाने उमटविता येतात. आणि पान प्रसिद्ध करण्यापूर्वी ते निदान दोन निरनिराळ्या इंजिनांच्या ब्राउझरांत, तसेच वर्गातील एखाद्याच्या जुन्या फोनवर उघडून पाहावे. या कामास फार तर दहा मिनिटे लागतील.