गावातील रेंज गेल्यास काय करावे?

सोलापूर जिल्ह्यातील शेती ही अवर्षणाशी झगडून उभी राहिलेली शेती आहे. येथील शेतकऱ्यास पाण्याइतकाच वेळेचाही हिशेब ठेवावा लागतो, आणि या हिशेबात मोबाईल हे आज शेतीचे एक साधनच होऊन बसले आहे. सांगोल्याचा डाळिंब बागायतदार तेल्या रोगावरील फवारणीपूर्वी पावसाचा अंदाज मोबाईलवर पाहतो. कांदा उत्पादक गाडी भरण्यापूर्वी सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर कृषि उत्पन्न बाजार समितीतील भाव विचारून घेतो. नदीकाठचा विद्युतपंप मोबाईल स्टार्टरच्या साहाय्याने घरबसल्या सुरू करता येतो. 2021 सालापासून पिकांची नोंदही ई-पीक पाहणीद्वारे शेतकरी स्वतःच करीत आहेत.

यास्तव गावातील रेंज गेली म्हणजे केवळ बोलणे थांबते असे नव्हे. स्टार्टर दाद देत नाही आणि रात्रीच्या वीजपाळीत अंधारातून विहिरीवर जावे लागते. पावसाची सूचना न मिळाल्याने केलेली फवारणी धुऊन जाते व औषधाचा खर्च वाया जातो. अशा वेळी नुसता त्रागा न करता, दोष कोठे आहे हे ओळखून योग्य ठिकाणी योग्य रीतीने तक्रार नोंदविणे हाच खरा उपाय होय.

रेंज का जाते?

मोबाईलच्या मनोऱ्यास, म्हणजे टॉवरला, दोन गोष्टी अखंड लागतात : वीज आणि पुढील केंद्राशी जोडणी. वीज गेल्यास टॉवर काही तास बॅटरीवर चालतो. त्यानंतर जनित्र नसल्यास किंवा त्यातील डिझेल संपल्यास तो बंद पडतो. जोडणी कोठे जमिनीखालील ऑप्टिकल फायबर केबलने, तर कोठे टॉवरवरील तबकडीतून सूक्ष्मलहरींनी केलेली असते. रस्तारुंदीकरणात किंवा जलवाहिनीच्या खोदाईत एक केबल तुटली तरी तिच्यावर अवलंबून असलेले अनेक टॉवर एकदम मुके होतात.

कधी रेंज पूर्ण दिसते, परंतु फोन लागत नाही. आषाढी वारीत पंढरपुरास लाखो लोक एकत्र येतात, तेव्हा असा अनुभव येणे स्वाभाविक आहे. कारण एका टॉवरची एका वेळी संभाषणे वाहून नेण्याची शक्ती मर्यादित असते.

म्हणून प्रथम फोन बंद करून पुन्हा सुरू करावा. नंतर त्याच कंपनीचे सिम असलेल्या शेजाऱ्याकडे चौकशी करावी. त्याचा फोन चालत असल्यास दोष आपल्या फोनमध्ये किंवा सिममध्ये असण्याचा संभव अधिक. सर्वांचेच फोन बंद असल्यास दोष टॉवरचा किंवा जोडणीचा समजावा.

तक्रार अशी नोंदवावी

तक्रार करावयाची तर फोन हवा आणि फोन तर बंद, ही पहिली अडचण. ती पार करून दुसऱ्याच्या फोनवरून प्रयत्न केला, तर ध्वनिमुद्रित आवाज एकामागून एक आकडे दाबावयास सांगतो. अखेरीस दूरच्या शहरातील कर्मचारी फोन पुन्हा सुरू करून पाहण्याचा सल्ला देतो आणि काही दिवसांनी तक्रार मिटल्याचा संदेश येतो. हा अनुभव अनेकांना येतो व त्यांचा संताप रास्त आहे. परंतु "रेंज नाही" एवढ्या दोन शब्दांवरून तंत्रज्ञास दोष शोधता येत नाही, हेही ध्यानी घ्यावे.

तक्रार करताना पुढील माहिती जवळ लिहून ठेवावी :

1. गाव, वाडी किंवा वस्ती, तालुका व पिनकोड.
2. सेवा बंद पडल्याची तारीख व वेळ.
3. बोलणे बंद आहे, इंटरनेट बंद आहे, की दोन्ही.
4. त्याच कंपनीचे आणखी किती फोन बंद आहेत.
5. त्या वेळी गावात वीज होती किंवा नव्हती.

कंपनीच्या 198 या क्रमांकावर तक्रार विनामूल्य नोंदविता येते. प्रत्येक तक्रारीस नोंदणी क्रमांक देणे कंपनीवर बंधनकारक आहे. तो क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नये. कारण पुढील सर्व दाद त्याच क्रमांकावर अवलंबून असते.

तक्रारीचे निवारण न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे, निवारणाची मुदत संपल्यापासून 30 दिवसांत अपील करावे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2012 सालच्या विनियमांनुसार या अपिलास शुल्क नाही व त्याचा निर्णय 39 दिवसांत व्हावयास हवा. तेथेही दाद न लागल्यास केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाच्या लोकतक्रार कक्षाकडे जाता येते. नियामक प्राधिकरण स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवीत नाही. ग्राहक हेल्पलाईनचा 1915 हा क्रमांकही उपयोगी आहे. शिवाय दूरसंचार सेवेविषयीची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालू शकते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये दिला आहे.

भरपाईचा नियम

नियामक प्राधिकरणाच्या 2024 सालच्या विनियमांनुसार संपूर्ण जिल्ह्यातील सेवा 24 तासांहून अधिक काळ बंद राहिल्यास, मासिक बिल भरणाऱ्या ग्राहकांस त्या प्रमाणात भाड्यात सूट द्यावी लागते. आगाऊ पैसे भरणाऱ्यांस मुदतवाढ देण्याची तरतूद 1 एप्रिल 2025 पासून लागू झाली. मात्र नैसर्गिक आपत्तीस हा नियम लागू नाही. तसेच एका गावाचा टॉवर बंद पडल्यास त्याचा लाभ मिळत नाही. म्हणूनच गावाच्या बाबतीत तक्रारीचा मार्ग अधिक महत्त्वाचा ठरतो.

पुराच्या वेळी

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीच्या महापुराने माढा, मोहोळ आदी तालुक्यांतील गावांना वेढा घातला व वाहतुकीचे मार्ग बंद पडले. अशा संकटात पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी जवळ दुसऱ्या कंपनीची असल्यास 112 हा तातडीचा क्रमांक लागू शकतो. मोठ्या आपत्तीत सरकार एका कंपनीच्या ग्राहकांना दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरून बोलण्याची मुभा देते. जून 2023 मधील बिपरजॉय चक्रीवादळाच्या वेळी गुजरातमध्ये ती देण्यात आली होती. तशी घोषणा झाल्यास फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन दुसरे जाळे स्वतः निवडावे. सेलवर चालणारा रेडिओ घरात असावा, हे जुने धोरण आजही तितकेच शहाणपणाचे आहे.

गावाने करावयाची तयारी

ग्रामपंचायतीत एक तक्रारवही ठेवावी. तीत प्रत्येक खंडाची तारीख, वेळ व तक्रारीचा नोंदणी क्रमांक लिहावा. एकाच टॉवरविषयी एकाच दिवशी दहा ग्राहकांनी स्वतंत्र तक्रारी नोंदविल्यास त्या दुर्लक्षिणे कंपनीस कठीण जाते. अपील करताना हीच वही पुरावा म्हणून उपयोगी पडते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही वही सुरू करून द्यावी व ज्यांस लिहिता येत नाही त्यांच्या तक्रारी लिहून द्याव्यात.

जलवाहिनीसाठी चर खणण्यापूर्वी तेथून केबल जात नाही ना, याची चौकशी करावी. खोदाईची पूर्वसूचना देण्यासाठी मार्च 2023 मध्ये केंद्र सरकारने "कॉल बिफोर यू डिग" हे ॲप सुरू केले आहे. आपल्याच गावच्या यंत्राने आपल्याच गावची केबल तुटू नये.

शेतीची कामे एकाच धाग्यावर लोंबकळत ठेवू नयेत. मोबाईल स्टार्टरसोबत हाताने चालणारी कळ चालू स्थितीत असावी. पीक पाहणीची नोंद अखेरच्या दिवसासाठी राखून ठेवू नये. घरात दोन सिम असल्यास ती निरनिराळ्या कंपन्यांची असावीत. रेंज असेल तेव्हा किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या क्रमांकावर पुढील आठवड्याच्या कामाचा सल्ला आधीच विचारून घ्यावा.

विहिरीचा दोर तुटण्यापूर्वीच दुसरा दोर वळून ठेवण्याची आपली रीत आहे. तीच दक्षता या नव्या साधनाच्या बाबतीतही बाळगली पाहिजे. तक्रारवहीत आज लिहिलेली एक ओळ पुढील हंगामातील एका फवारणीचा खर्च वाचवू शकेल.