देहाची ठेव आणि सामाईक निधि

गडमुडशिंगीस ज्यांच्या गोठ्यांत दुभतें जनावर आहे, त्यांस द्रवरूप नत्राचें भांडें अपरिचित नाहीं. कृत्रिम रेतनाच्या गोठविलेल्या मात्रा त्यांत उणे १९६ अंशांवर वर्षानुवर्षें टिकतात. मात्र नत्र हळूहळू उडून जातो, आणि वेळच्या वेळीं भर घातली नाहीं तर सारेंच व्यर्थ. याच नत्रांत मृत मनुष्याचा देह, पुढेंमागें शास्त्र त्यास जिवंत करील या आशेनें, अमेरिकेंत ठेवितात. आजवर एकही उठलेला नाहीं. पण तो वाद आम्ही येथें घालीत नाहीं. आम्हांस विचार पडतो तो भर घालण्याच्या खर्चाचा.

प्राध्यापक जेम्स बेडफोर्ड यांचा देह १२ जानेवारी १९६७ रोजीं गोठविला. घरच्यांनीं तो कित्येक वर्षें सांभाळून १९८२ सालीं अल्कोर या संस्थेच्या स्वाधीन केला. परंतु असे पुत्र किती घरीं निपजतात? कॅलिफोर्नियांतील चॅट्सवर्थच्या तळघरांत देहांचा खर्च ज्याच्या त्याच्या आप्तांनीं द्यावयाचा होता. आप्तांचे हात आखडले, नत्र संपला, देह नासले; १९७९ सालीं तें उघडकीस आलें.

आम्हांस यांत नवल वाटलें नाहीं. आमच्या पणजोबांनीं देवघरांतील नंदादीपासाठीं वेगळी रक्कम ठेविली होती. वाटणींत तिचे चार हिस्से झाले, तेलाच्या पाळ्या ठरल्या, आणि एका श्रावणांत ‘पाळी कोणाची’ या वादांतच दिवा विझला! दुसऱ्या दिवशीं काकूंनीं तो पुन्हां लाविला, हें खरें. नासलेल्या देहास ती सोय नाहीं.

आतां अशा संस्था रक्कम आगाऊ, बहुधा आयुर्विम्यांतून, घेतात. अल्कोरनें १९९७ सालीं या देहांच्या सांभाळासाठीं सामाईक विश्वस्तनिधि केला आणि तो संस्थेच्या रोजच्या खर्चापासून अलग ठेविला. यांत पूर्वीं थोडक्यांत आलेल्यांचा भार मागाहून आलेल्यांवर पडतो, ही तक्रार एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस समजावून सांगणें नको. तरीही आमचें मत सामाईक निधीकडेच आहे. अट एवढीच कीं मुद्दलास कोणीं हात लावूं नये.

ही अट आपल्याकडे जुनीच आहे. सुमारें एकोणीस शतकांपूर्वीं उषवदातानें नाशिकच्या लेण्यांतील भिक्षूंसाठीं ३००० कार्षापण गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेविले: २००० दरमहा शेंकडा एक व्याजानें, १००० पाऊण टक्क्यानें. मुद्दल परत मागावयाचें नाहीं, केवळ व्याज घ्यावयाचें. पहिल्या ठेवीचे वर्षाचे २४० होतात. त्यांतून वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा, चीवरासाठीं. हिशेब चोख आहे. लेख अद्याप भिंतीवर वाचतां येतो. त्या श्रेणी मात्र केव्हांच नाहींशा झाल्या.