पाठ टेकल्यावर सुरू होणारी कुस्ती

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात पाठ मातीला लागली की कुस्ती निकाली झाली. हलगी कडाडते, जिंकलेल्या पैलवानाला लोक खांद्यावर घेतात आणि चितपट झालेला अंगाची माती झटकत बाहेर पडतो. पाठ टेकणे म्हणजे हार, हे मराठी माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, फ्रिस्को शहरात, ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या वर्गात पहिल्यांदा डोकावणारा आपल्याकडचा पालक चक्रावून जातो. इथे दोघांपैकी एक जण आपणहून पाठीवर आडवा होतो, दोन्ही पाय वर घेतो आणि समोरच्याची वाट बघतो. झुंज तिथून सुरू होते आणि पुष्कळदा हरतो तो वर बसलेला!

फ्रिस्को हे डॅलसच्या उत्तरेचे उपनगर. २००० च्या जनगणनेत इथली वस्ती ३३,७१४ होती, २०२० मध्ये ती २,००,५०९ झाली. या वाढीत भारतीय कुटुंबांचा वाटा मोठा आहे आणि त्यांत मराठी घरेही बरीच. आपल्या तालमीत मारुतीरायाला नमस्कार केल्याशिवाय कुणी मातीत उतरत नाही. फ्रिस्कोतही कार्यसिद्धी हनुमानाचे भव्य मंदिर आहे, पण तांबड्या मातीचा हौदा कुठून असणार? अंगमेहनतीच्या झुंजीची हौस असलेली मुले इथे जातात ती किराणा दुकान आणि दंतवैद्याच्या दवाखान्याच्या रांगेत असलेल्या एखाद्या गाळ्यात, जिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत मॅट अंथरलेली असते.

या गाळ्यांपर्यंत ही विद्या तीन खंड ओलांडून आली आहे. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही जुदोची शाळा काढली. जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजकलेतले जीवघेणे प्रकार त्यांनी सरावातून बाजूला काढले. त्यामुळे शिष्यांना उरलेले डाव एकमेकांवर पूर्ण ताकदीने, रोजच्या रोज करून बघता येऊ लागले. माझ्या मते साऱ्या आधुनिक झुंजकलेतला हा सर्वांत मोठा शोध आहे. हवेत हात फिरवून शिकलेला डाव आणि सुटायची धडपड करणाऱ्या माणसावर शेकडो वेळा केलेला डाव यांत जमीनअस्मानाचे अंतर असते.

कोदोकानचेच मित्सुयो माएदा देशोदेशी आव्हानाच्या कुस्त्या करत १९१४ मध्ये ब्राझीलला पोचले आणि पुढे ॲमेझॉनच्या मुखाजवळच्या बेलेम शहरात स्थिरावले. तिथे कार्लोस ग्रेसी नावाचा मुलगा त्यांच्या हाताखाली शिकला. कार्लोसचा धाकटा भाऊ एलिओ (जन्म १९१३) अंगाने किरकोळ. ताकदीचे डाव त्याला झेपेनात, म्हणून त्याने भर दिला तो तरफेवर, अंतरावर आणि धीरावर. खाली पडूनही कसे टिकायचे आणि खालूनच कसे जिंकायचे, हे या घराण्याने जितके घोटले तितके क्वचितच कुणी घोटले असेल.

१९५१ मध्ये रिओच्या माराकाना मैदानावर एलिओ जपानच्या मासाहिको किमुरा यांच्याशी लढला. किमुरांनी त्याचा हात पाठीमागे पिळला, हाड मोडले तरी एलिओ हार मानेना. शेवटी कार्लोसनेच मध्ये पडून लढत थांबवली. त्या डावाला ब्राझीलमध्ये तेव्हापासून ‘किमुरा’च म्हणतात. ज्याने आपल्याला हरवले त्याचे नाव त्याच्या डावाला देऊन तो डाव पुढच्या पिढ्यांना शिकवणे, याला मन मोठे लागते. आज फ्रिस्कोतले दहा वर्षांचे पोरही ‘किमुरा लागला’ असे सहज म्हणते.

डॅलस परिसरात ही विद्या रुजवण्यात कार्लोस मचादो यांचा वाटा मोठा. मचादो हे पाच भाऊ, ग्रेसींचे मावसभाऊ. ते आधी कॅलिफोर्नियात आले आणि अभिनेता चक नॉरिस त्यांचा शिष्य झाला. त्याच्या ‘वॉकर, टेक्सास रेंजर’ या मालिकेचे चित्रीकरण डॅलसला चालत असे. १९९० च्या दशकाच्या मध्यात कार्लोस मचादो तिथे गेले आणि तिथलेच झाले.

आता वर्गात येऊ. चपला दाराशी, अंगठ्या आणि कानातले पिशवीत, नखे घरूनच कापून आलेली. गळपट्टीला धरून ओढाताण होणार असते, म्हणून ‘गी’ नावाचा अंगरखा जाड विणीच्या सुती कापडाचा असतो. मॅट रोज जंतुनाशकाने पुसतात, कारण कातडीला कातडी घासणाऱ्या खेळात नायटा झपाट्याने पसरतो. पट्ट्याच्या रंगानुसार सगळे रांगेत उभे राहतात, वाकून नमस्कार होतो आणि अंग गरम करायला सुरुवात होते. त्यातला एक प्रकार बघण्यासारखा. पाठीवर पडायचे, एक पाय रोवायचा आणि कंबर तिरकी मागे सरकवायची. असे करत मॅटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे. याला श्रिंप म्हणतात. छातीवर शंभर किलोचा माणूस बसलेला असताना त्याला उचलून फेकणे अशक्य असते, पण आपली कंबर वीतभर सरकवणे शक्य असते. त्या वीतभर जागेत गुडघा घुसतो, आणि गुडघा घुसला की सुटका सुरू होते.

मग त्या दिवसाचा डाव. समजा, खालून लावायचा आर्मबार. समोरचा गुडघ्यांवर, आपल्या पायांच्या वेढ्यात. या वेढ्याला गार्ड म्हणतात. त्याचे मनगट दोन्ही हातांनी छातीशी धरायचे. एक तळपाय त्याच्या कमरेवर टेकवून आपले अंग आडवे वळवायचे. दुसरा पाय त्याच्या काखेखालून पाठीवर चढवायचा आणि कमरेवरचा पाय उचलून त्याच्या डोक्यावरून पलीकडे टाकायचा. गुडघे आवळायचे, त्याचा अंगठा आकाशाकडे राहील असे बघायचे आणि कंबर हळूहळू वर उचलायची. आता त्याच्या एकट्या कोपराविरुद्ध आपल्या दोन्ही मांड्या, पाठ आणि कंबर अशी सारी ताकद लागलेली असते. कितीही बलदंड माणूस असो, कोपर उलट्या दिशेला वाकत नाही. जोडीदार दोनदा थाप मारतो, म्हणजे टॅप करतो, आणि त्याच क्षणी डाव सोडायचा. एक क्षणही उशीर चालत नाही. ही थाप आहे म्हणूनच ही माणसे आठवड्यातून तीन-चार दिवस एकमेकांशी खरोखरीचे झुंजू शकतात आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ शकतात.

गळ्याचे डाव बघताना पालकांच्या पोटात गोळा येतो, पण त्यामागचे शरीरशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. ट्रायँगल चोकमध्ये खालचा माणूस समोरच्याची मान आणि एक हात आपल्या दोन पायांत पकडतो. मानेच्या एका बाजूची धमनी मांडीने दाबली जाते, दुसऱ्या बाजूची त्याच्या स्वतःच्याच खांद्याने. श्वास चालूच असतो, मेंदूकडे जाणारे रक्त मात्र घटते, आणि नीट लागलेल्या पकडीत साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपते. म्हणून थाप त्याआधीच मारायची, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मोठ्यांच्या देखरेखीशिवाय हे घरच्या गालिच्यावर करून बघणे सर्वस्वी चूक.

शेवटची वीस-पंचवीस मिनिटे खुल्या झुंजीची, म्हणजे रोलिंगची. घड्याळ लावतात, हातावर हात मारून सुरुवात होते आणि पाच मिनिटांनी जोडीदार बदलतो. स्पर्धेतले गुण पाहिले तर आपल्या कुस्तीपासूनचे अंतर लख्ख दिसते. समोरच्याला जमिनीवर पाडले तर अवघे २ गुण. गार्ड ओलांडून पलीकडे गेलात तर ३. छातीवर बसलात, किंवा मागून कब्जा घेऊन दोन्ही टाचा त्याच्या मांड्यांच्या आत अडकवल्यात, तर ४. आपल्या मैदानात ज्यावर कुस्ती निकाली होते, त्याची किंमत इथे सगळ्यांत कमी! आणि गुण कितीही असोत, थाप मारली की लढत संपली.

ही पद्धत खरोखर चालते का, याचे उत्तर जगाला १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हरमध्ये मिळाले. वेगवेगळ्या झुंजकलांतल्या लढवय्यांना एकमेकांसमोर उभे करणाऱ्या यूएफसीच्या पहिल्या स्पर्धेत वजनगट नव्हते. एलिओचा मुलगा रॉयस, जेमतेम ८० किलोंचा, एकाच रात्री मुष्टियोद्धा आर्ट जिमरसन, केन शॅमरॉक आणि डच लढवय्या जेरार्ड गोर्डो यांच्याशी लढला. तिघांनीही थाप मारली. जिमरसन एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला होता आणि रॉयस त्याच्यावर चढून बसल्यावर कोणतीही पकड लागण्याआधीच त्याने हार मानली. जमिनीवर काय करायचे हे त्याला कुणी शिकवलेलेच नव्हते.

बढती फार सावकाश मिळते. मोठ्यांचे पट्टे पाच: पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. काळ्या पट्ट्यापर्यंत पोचायला बहुतेकांना दहा वर्षे लागतात. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमाप्रमाणे निळा पट्टा सोळाव्या वर्षाआधी देता येत नाही, म्हणून मुलांसाठी राखाडी, पिवळा, नारिंगी आणि हिरवा असे वेगळे पट्टे आहेत. दोन पट्ट्यांमधल्या लांबलचक काळात प्रशिक्षक पट्ट्याच्या टोकाला चिकटपट्टीची एकेक रेघ लावतात, जास्तीत जास्त चार.

मुलाला सोडायला आलेले आईबाप मग स्वतःच पांढरा पट्टा बांधून मॅटवर उतरतात, हेही या वर्गांत नेहमीचे. चाळिशीनंतर कसे जमेल, असे विचारणाऱ्यांना अमेरिकी बल्लवाचार्य आणि लेखक अँथनी बोर्डेन यांचे उदाहरण द्यावे. पन्नाशी कधीच उलटल्यावर ते या विद्येकडे वळले आणि २०१६ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, न्यूयॉर्कच्या खुल्या स्पर्धेत निळ्या पट्ट्याच्या ज्येष्ठ गटात त्यांनी सुवर्णपदक जिंकले.