पाच बहिणी, एक शिकवणी मास्तर आणि आपल्या घरचा मोबाईल



या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही एका जपानी कार्टूनबद्दल लिहीत आहोत. नवल वाटेल. पण बुटीबोरीच्या एका वस्तीत या कार्टूनमुळे दहावीच्या पाच मुलींची शिकवणी बंद झाली आणि तेथील महिला मंडळाने आम्हाला बोलावून घेतले. जे पाहिले, ऐकले, ते आपल्यापुढे ठेवतो. ओळख पटेल असे काहीही लिहीत नाही.

वस्ती एमआयडीसीला लागून. बहुतेक घरांत कोणी ना कोणी कंपनीत ठेक्यावर. एकाची सकाळची शिफ्ट, दुसऱ्याची रात्रीची. खोली एक किंवा दोन. विहाराच्या हॉलमध्ये संध्याकाळी सहा ते आठ मोफत शिकवणी चालते. शिकवणारा वस्तीतलाच मुलगा, वय एकवीस, नागपूरला बी.एस्सी. करतो. सगळे त्याला दादा म्हणतात.

एका रात्री एका आईला जाग आली. पोरगी चादरीखाली मोबाईल पाहत होती. पडद्यावर शाळेच्या कपड्यांतल्या मुली, त्यांना शिकवणारा मुलगा आणि प्रेमाच्या गोष्टी. आईने मोबाईल घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून शिकवणी बंद केली. आठ दिवसांत आणखी चार घरांनी तेच केले. परीक्षा तीन महिन्यांवर होती.

कार्टूनमध्ये आहे तरी काय?

जपानी कार्टूनला 'अॅनिमे' म्हणतात. आपल्या घरात डोरेमॉन आणि शिनचॅन अनेक वर्षांपासून आहेत, तेही अॅनिमेच. जपानही आपल्याला परका नाही. कामठीचे ड्रॅगन पॅलेस जपानी उपासिकेच्या मदतीने उभे राहिले, आणि भदन्त सुरेई ससाई जन्माने जपानी असूनही आयुष्यभर नागपूरचे झाले.

पोरी पाहत होत्या त्याचे नाव 'द क्विंटेसेन्शियल क्विंटुप्लेट्स'. मूळ जपानी नावाचा अर्थ साधारण 'पाच समान वाट्यांची नवरी' असा होतो. नेगी हारुबा यांची ही चित्रकथा २०१७ ते २०२० या काळात मुलग्यांसाठी निघणाऱ्या एका साप्ताहिकात आली. २०१९ आणि २०२१ मध्ये तिच्या अॅनिमे मालिका झाल्या, २०२२ मध्ये सिनेमा झाला.

गोष्ट अशी. फुतारो नावाचा मुलगा अभ्यासात पहिला, पण घरची गरिबी, बापावर कर्ज. त्याला शिकवणीचे काम मिळते. विद्यार्थिनी पाच, त्याच्याच वर्गाच्या, एकाच वेळी जन्मलेल्या सख्ख्या बहिणी. पाचही जणी अभ्यासात कच्च्या. तो पहिली चाचणी घेतो तेव्हा पाच जणींचे मिळून शंभर गुण भरतात. पुढे या पाचपैकी एकीशी त्याचे लग्न होणार हे सुरुवातीलाच कळते. कोणाशी, ते मात्र शेवटापर्यंत कळत नाही. त्यामुळेच पोरी एकामागून एक भाग पाहत राहतात.

आम्ही सर्वांसोबत पाहिले

रविवारी वंदनेनंतर हॉलमध्ये सगळे बसले. आया, काही वडील, मुले-मुली, आशाताई, आणि मागे कोपऱ्यात दादा. आम्ही म्हटले, आधी पहिला भाग सगळे मिळून पाहू, मग बोलू. कुरकुर झाली, पण पाहिला.

फुतारो शाळेच्या कॅन्टीनमध्ये मांसाची थाळी मागतो, पण त्यातले मांस नको म्हणून सांगतो. तेवढे पैसे वाचतात. भात, सूप आणि लोणचे घेऊन तो बसतो. हे पाहून आधी हशा पिकला. मग एक बाई म्हणाल्या, "आमच्या घरीबी पगाराच्या आधी असंच रायते." हॉल शांत झाला.

पुढे एक बहीण फुतारोला हाकलून लावण्यासाठी त्याच्या पाण्यात झोपेचे औषध मिसळते. तो गाडीत जागा होतो. पोरे हसली. तेथे आम्ही मोबाईल थांबवला. आशाताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे हसण्यासारखं नाही. कोणाच्या पाण्यात, चहात, कोल्ड्रिंकमध्ये गोळी टाकणं हा गुन्हा आहे. माणूस मरू शकतो." मुलींना त्यांनी आणखी एक सांगितले, की उघडा ठेवलेला ग्लास परत तोंडाला लावू नका, मग देणारा ओळखीचा का असेना.

भाग संपल्यावर आम्ही त्या मुलीला विचारले, तुला यात काय आवडते? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या पाच जणी नापास झाल्या, तं त्याईच्या बापानं शिकवणी लावून देल्ली. माही तं बंद केली."

तिची आई खाली पाहत राहिली. थोड्या वेळाने त्या बोलल्या. "मी दहावीत होती तवा दप्तरात एक चिठ्ठी सापडली. चिठ्ठी माही नव्हती. पण शाळा सुटली ते सुटलीच. सोळाव्या वर्षी लग्न झालं." पोरीने हे पहिल्यांदाच ऐकले होते.

येथे आम्हाला आमचीही चूक कबूल करायची आहे. याच पानावर पूर्वी आम्ही लिहिले होते, मुलांच्या हातून मोबाईल काढून घ्या, प्रश्न मिटेल. प्रश्न तसा मिटत नाही. मोबाईल घेतला तरी भीती घरातच राहते, आणि त्या भीतीपोटी पोरीचे शिक्षण थांबते.

आवडणे म्हणजे आजार नाही

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरवय म्हणते. या वयात शरीरातील संप्रेरके बदलतात. पाळी सुरू होते, आवाज फुटतो, कोणीतरी आवडू लागते. प्रेमळपणे शिकवणारा माणूस आवडणे हेही त्यातच येते. ते लाजेचे नाही आणि गुन्हाही नाही. मुलीने किंवा मुलाने घरी सांगितले, तर ओरडू नका. आधी ऐका. आज ओरडाल तर उद्या खरोखर काही वाईट घडले, तेव्हाही ते सांगणार नाहीत.

मात्र कार्टून आणि आपली शिकवणी यांत एक मोठा फरक आहे. फुतारो त्या बहिणींच्याच वयाचा आहे. आपल्याकडे शिकवणारा बहुधा सज्ञान असतो. विद्यार्थिनीला तो आवडला, तरी रेषा सांभाळण्याची जबाबदारी त्याची असते, तिची नव्हे. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. बालकाने 'हो' म्हटले तरी कायद्याला ती संमती मान्य नाही. विश्वासाच्या जागेवरील माणसाने, म्हणजे शिक्षकाने किंवा नातेवाइकाने, असे कृत्य केले तर शिक्षा जास्त कडक आहे. हा कायदा मुलग्यांनाही संरक्षण देतो. पीडित मुलाचे किंवा मुलीचे नाव जाहीर करता येत नाही. जबाब शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. तेव्हा बदनामीच्या भीतीने गप्प बसू नका.

आणखी एक गोष्ट आम्ही मुलींना सांगितली. ही कथा मुलग्यांच्या साप्ताहिकासाठी काढलेली आहे. म्हणून पाच सुंदर मुली एकाच मुलाभोवती फिरतात आणि कॅमेरा मध्येच त्यांच्या अंगावर रेंगाळतो. खऱ्या मुली तशा दिसत नाहीत, तशा वागतही नाहीत. स्वतःचे शरीर त्या चित्राशी ताडून पाहू नका.

चांगले काय घ्यावे

पाच बहिणींपैकी प्रत्येकीला एक विषय बरा येतो. एकीला गणित, दुसरीला इंग्रजी, तिसरीला समाजशास्त्र, चौथीला भाषा, पाचवीला विज्ञान. फुतारोला हे उत्तरपत्रिकांवरून कळते. इतिहासात रमणारी बहीण त्याला अडवते, तेव्हा तो ग्रंथालयात बसून इतिहास वाचून काढतो आणि मग तिच्याशी बोलायला जातो. शिकवणारा असा असावा, विद्यार्थ्याला काय येते ते आधी पाहणारा.

आपल्या इतिहासातही असा शिक्षक आहे. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या भीमरावांना कृष्णराव अर्जुन केळुस्करांनी हेरले, वाचायला पुस्तके दिली. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, आणि पुढे बडोद्याच्या सयाजीरावांकडून शिष्यवृत्ती मिळवून देण्यास मदत केली. वस्तीतल्या पोरांना अशा माणसांची गरज आहे. एका कार्टूनच्या भीतीने आपण त्यांना दूर करू नये.

झोप, डोळे आणि रक्त

या मालिकेचा एक भाग सुमारे २४ मिनिटांचा, आणि पहिल्या हंगामात १२ भाग. एका रात्रीत पाहायचे म्हटले तर जवळपास पाच तास जातात. १३ ते १८ वयाला रोज ८ ते १० तास झोप लागते. या वयात झोप येण्याची वेळ शरीरच उशिरा सरकवते, त्यात मोबाईलचा उजेड भर घालतो. कमी झोपेत पाठ केलेले लक्षात राहत नाही, चिडचिड वाढते. फुतारोसुद्धा शाळेच्या सहलीत ताप लपवून फिरतो आणि शेवटी दवाखान्यात पोहोचतो.

अंधारात, चादरीखाली, डोळ्यांजवळ धरलेला मोबाईल डोळ्यांना ताण देतो. दर २० मिनिटांनी २० फूट लांब, २० सेकंद पाहावे. दिवसा तास-दोन तास उघड्यावर खेळणाऱ्या मुलांना लांबचे पाहण्याचा चष्मा लागण्याचा धोका कमी असतो. मुलींनाही खेळायला बाहेर पाठवा.

'पोरगी अभ्यास करताना झोपते' अशी तक्रार चार आयांनी केली. आशाताईंनी विचारले, जेवते काय? चहा-बिस्किट. मुलीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल तर रक्तक्षय समजावा. थकवा, धाप, लक्ष न लागणे ही त्याचीच लक्षणे असू शकतात. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी फेकू नका, जेवणानंतर घ्या. अंबाडीची भाजी, फुटाणे, मसूर, अंडी खा. जोडीला लिंबू किंवा संत्रे घ्या, त्याने लोह चांगले शोषले जाते. जेवणाबरोबर चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही.

विहारात ठरलेले नियम

त्या दिवशी हॉलमध्येच नियम ठरले. दादा म्हणाला, "मलाही भीतीच वाटत होती. उद्या कोणी काही बोललं तर?" नियम दोघांच्याही संरक्षणासाठी आहेत. आपल्या वस्तीतही लावून पाहा.

१. शिकवणी उघड्या दाराने, एकट्या विद्यार्थ्याला बंद खोलीत शिकवणे नाही.
२. रोज एक आई आळीपाळीने हॉलमध्ये बसेल, निवडण्या-टिपण्याचे काम सोबत आणले तरी चालेल.
३. निरोप फक्त गटावर, गटात महिला मंडळाच्या दोन सदस्या. रात्री नऊनंतर निरोप नाही.
४. अंगाला हात लावणे नाही, एकट्याला भेटवस्तू नाही, 'घरी सांगू नकोस' असे काहीही नाही.
५. तक्रार ऐकणारी एक ताई ठरलेली असेल. तक्रार केल्यामुळे कोणाचीही शिकवणी बंद होणार नाही.
६. घरातील सगळे मोबाईल रात्री दहाला चार्जिंगला, स्वयंपाकाच्या ओट्यावर. आई-बाबांचेही.

पाचव्या नियमावर सर्वांत जास्त वाद झाला. तो आयांनीच लावून धरला.

मदत कोठे मिळेल

किशोरवयीन मुला-मुलींसाठी शासनाच्या दवाखान्यांत 'मैत्री' क्लिनिक असतात. तेथे पाळी, शरीर, मन यांबद्दल मोकळेपणी विचारता येते. आशाताईंना दिवस आणि वेळ विचारून घ्या. मन फार उदास असेल, जीव नकोसा वाटत असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावा. बालकावर अन्याय होत असेल तर १०९८, तातडीच्या वेळी ११२. हे तीन क्रमांक पोरांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

महिनाभराने आम्ही पुन्हा त्या विहारात गेलो. ज्या आईने सर्वांत आधी शिकवणी बंद केली होती, त्याच हॉलमध्ये मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांची मुलगी पुढच्या रांगेत गणिते सोडवत होती. पाचपैकी चार मुली परत आल्या आहेत. पाचवीच्या घरी स्थळ पाहणे सुरू आहे, असे कळले. ती सोळा वर्षांची आहे. मुलीचे लग्न अठराच्या आत करणे हाही गुन्हाच आहे. येत्या रविवारी महिला मंडळासोबत आम्ही तिच्या घरी जाणार आहोत. ज्या आईच्या दप्तरात ती चिठ्ठी सापडली होती, त्या स्वतःहून सोबत येतो म्हणाल्या आहेत.